टाक्याचं की दुर्बिणीचं? नसबंदीचा माझा अनुभव

प्रसूती वॉर्डात नोकरी असल्याने नसबंदीच्या बायकांचे टाके काढणं माझं नेहमीचंच काम. स्वतःची वेळ आली तेव्हा बाळंतपणाला वर्ष उलटून गेलं होतं, म्हणून दोन्ही पर्याय खुले होते.

बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत करायचं तर टाक्याचंच, म्हणजे मिनिलॅप. गर्भाशय तेव्हा वर आलेलं असतं, त्यामुळे नाभीखालच्या छोट्या छेदातून गर्भनळ्या सहज सापडतात. एरवी छेद ओटीपोटावर घेतात, साधारण ३ सेंटिमीटरचा. नळीचा वेढा बाहेर घेऊन विरघळणाऱ्या धाग्याने बांधतात आणि कापतात. दुर्बिणीसाठी मात्र बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे थांबावं लागतं.

मी दुर्बिणीचं निवडलं. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आतली तारीख घेतली. लघवीची तपासणी झाली, हिमोग्लोबिन पाहिलं. ते ७ च्या खाली असेल तर परत पाठवतात. नवऱ्याची सही लागत नाही, कोणी मागितली तर तसं सांगा. टेबलावर जाण्याआधी लघवी करून या, असं सिस्टर पुन्हापुन्हा बजावतात, कारण भरलेल्या मूत्राशयाला पोटात गॅस भरायची सुई लागू शकते.

पोटात गॅस भरतात, टेबल डोक्याकडून थोडं खाली करतात आणि दोन्ही नळ्यांवर एकेक रिंग बसवतात. रिंगेत आवळलेल्या भागाचं रक्त थांबतं, म्हणून पहिल्या दिवशी पाळीसारखी कळ येते. खांदाही दुखतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उरलेला गॅस श्वासपटलाला टोचतो, एक-दोन दिवसांत जिरतो.

मिनिलॅपची जखम खोकताना, उठताना ओढते. कुशीवर वळून, हाताचा टेकू देत उठावं. दुर्बिणीत एखादाच टाका, दुखणं कमी. आणि तिथेच गडबड होते! दुखत नाही म्हणून बाई तिसऱ्या दिवशी पाण्याचा हंडा उचलते. पद्धत कुठलीही असो, ४८ तास विश्रांती, सातव्या दिवशी टाके काढायचे, दोन आठवडे जड काम नाही, संबंध निदान आठवडाभर नाहीत.

ताप, उलट्या, फुगत जाणारं पोट ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुर्बिणीत आतड्याला इजा झाली असेल तर ती कधीकधी दोन-तीन दिवसांनी कळते. पुढे कधीही पाळी चुकली तर "आपलं तर ऑपरेशन झालंय" म्हणत बसू नका, दोन आठवड्यांच्या आत तपासून घ्या. नसबंदी फसलीच तर गर्भ नळीत राहण्याचा धोका जास्त असतो.