तुम्ही विचारलंत म्हणून

यवतमाळ जिल्ह्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मी मुलाखती घेते, हे कळले की बहुतेक जण विचारतात, ‘हे सगळे ऐकून तुम्हाला त्रास होत नाही का?’ होतो, आणि माझ्यापेक्षा माझ्याबरोबर काम करणाऱ्या तरुण मुलामुलींना अधिक होतो.

एका घरी आईने कोनाड्यातली प्लास्टिकची पिशवी आमच्यापुढे रिकामी केली: बियाण्यांच्या पावत्या, घडीवर फाटलेला सातबारा आणि मुलाचा पासपोर्टएवढा फोटो. कर्ज बिनपरवाना सावकाराचे असल्यामुळे प्रकरण अपात्र ठरले होते, म्हणजे सरकारची १ लाख रुपयांची मदत मिळणार नव्हती. ‘ताई, तुम्ही लिहिल्यानं भेटन का जी?’ असे तिने माझ्या सहकारी मुलीला विचारले. त्या रात्री ती मुलगी जेवली नाही. ऐकलेल्या दुःखापेक्षा हे ‘नाही’ म्हणावे लागणे संशोधकाला अधिक खचवते, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

ध्वनिमुद्रण ऐकून कागदावर उतरवणाऱ्यांचा विचार तर कोणीच करत नाही. एखादा शब्द नीट लागला नाही, तर तोच हुंदका सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकावा लागतो. समोर बसलेल्याला निदान पाण्याचा पेला पुढे करता येतो. हेडफोन लावून बसलेल्याला तेही करता येत नाही. म्हणून हे काम आमच्याकडे दिवसातून अर्धाच वेळ चालते, आणि मुलाखतींसाठी दिवसाला दोनच घरे घेतली जातात.

महिलांवरील हिंसाचाराच्या संशोधनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत मुलाखतकारांचे प्रशिक्षण आणि त्यांना मिळणारा आधार या नैतिक अटीच मानल्या आहेत. तरीही एका निधीदात्या संस्थेने आमच्या अंदाजपत्रकातला समुपदेशकाचा खर्च ‘अनावश्यक’ म्हणून खोडला होता. तेव्हा मी घरांची संख्या कमी केली आणि तो खर्च पुन्हा घातला. कणखर माणसे निवडली की भागते, हा समज मला घातक वाटतो, कारण कणखर म्हणवणारा माणूस त्रास सांगायलाच येत नाही.

आता संमतीपत्र वाचून दाखवण्याआधीच, या कामातून मदत मिळणार नाही, हे आम्ही घरच्यांना स्पष्ट सांगतो. ते वाक्य मी स्वतः बोलते; बावीस वर्षांच्या मुलीच्या तोंडी टाकत नाही.