सांसूसीचे टप्पे

आजचा दिवस जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या सांसूसी उद्यानात गेला. राजवाडा आतूनही पाहायचा होता, पण मी द्राक्षांच्या टप्प्यांपाशीच इतकी रमले की ते राहूनच गेले, आणि त्याची मला मुळीच रुखरुख नाही.

प्रशिया या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७४४ साली ही टेकडी खोदून तिचे सहा टप्पे करून घेतले. माथ्यावरचा एकमजली वाडा १७४५ ते १७४७ या काळात, म्हणजे त्यानंतर बांधला गेला. आधी मळा आणि मग वाडा, हा क्रम मला मनापासून भावला. दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतींना मध्यभागी आत वळण दिलेले असल्यामुळे ऊन ओंजळीत धरल्यासारखे तेथे साठते. भिंतींवर द्राक्षवेल चढवलेले असून मध्ये मध्ये अंजिरांसाठी काचेची दारे असलेले एकूण १६८ कोनाडे आहेत. मी एका दाराला तळवा लावला, तर काच चांगलीच तापलेली होती, आणि पलीकडे अंजिराचे एक रुंद पान तिला चिकटून असे चपटे झाले होते की त्याची एकेक शीर मोजता यावी.

पायथ्याच्या मोठ्या कारंज्याची हौस मात्र राजाच्या हयातीत नीट कधीच पुरी झाली नाही. पुढे १८४२ मध्ये वाफेच्या यंत्राने हाफेल नदीचे पाणी चढवले, तेव्हा कुठे ते उंच उडाले. पलीकडे उद्यानरचनाकार लेनेने आखलेली विस्तीर्ण हिरवळ आणि झाडांचे पुंजके सुंदर आहेत, पण माझे पाय पुन्हा वरच वळले.

सर्वांत वरच्या टप्प्यावर, लाडक्या कुत्र्यांच्या शेजारी, फ्रेडरिकची समाधी आहे. आपल्याला येथेच, कोणताही थाटमाट न करता पुरावे, अशी त्याची इच्छा होती. पण १७८६ मध्ये तो वारल्यावर त्याला वडिलांशेजारी चर्चमध्ये ठेवण्यात आले आणि ही जागा मिळायला १७ ऑगस्ट १९९१ हा दिवस, म्हणजे त्याची २०५वी पुण्यतिथी, उजाडावा लागला. जमिनीलगतच्या साध्या शिळेवर केवळ त्याचे नाव आहे. त्याने प्रजेला बटाटा लावायला भाग पाडले, म्हणून लोक तेथे फुलांऐवजी बटाटे वाहतात. एक मातकट बटाटा घरंगळून गवतात गेला होता. तो मी उचलून पुन्हा शिळेवर ठेवला.