बिस्किटाच्या डब्यातला कलरीमीटर

दसरा झाला की मी ड्यूटी लीव्हचा अर्ज लिहायला घ्यायचे. आयएपीटीचं, म्हणजे इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्सचं वार्षिक अधिवेशन बहुधा त्याच सुमाराला असायचं. तालुक्याच्या गावातल्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राला आम्ही दोघंच. एक जण गेला की दुसऱ्याने सगळ्या बॅचेस सांभाळायच्या. तरी माझे सहकारी दरवर्षी म्हणायचे, "जा तुम्ही मॅडम. फक्त येताना आपल्या लॅबसाठी काहीतरी घेऊन या."

डॉ. डी. पी. खंडेलवाल यांनी 1984 साली कानपूरला ही संघटना सुरू केली. अकरावी-बारावीला शिकवणारे, पदवीचे, विद्यापीठातले, आयआयटीतले, सगळे तिथे एकाच पंगतीला जेवायला बसत. विद्यापीठाच्या बैठकांना शेवटच्या रांगेत बसण्याची सवय झालेल्या माझ्यासारखीला त्याचं केवढं अप्रूप होतं! पेपरवाचनाची सत्रं आता फारशी आठवत नाहीत. आठवतात त्या बाहेरच्या ओसरीवर मांडलेल्या टेबलांच्या रांगा. प्रत्येकाने घरून काहीतरी बांधून आणलेलं असायचं. तांब्याच्या नळीतून रमतगमत खाली येणारं चुंबक, हॅकसॉच्या पात्याची आंदोलनं, सायकलच्या स्पोकवर तोललेला तराजू.

अशाच एका टेबलापाशी मी एका दुपारी दोन तास उभी होते. आमच्या लॅबमधला प्लांकचा स्थिरांक मोजायचा फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचा सेट कपाटात पडून होता. नळी गेलेली, पण डेड स्टॉक रजिस्टरमध्ये तो चालू. प्लांकचा स्थिरांक मुलं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवायची आणि परीक्षेत तोच सांगायची. मला त्याची लाज वाटायची. त्या टेबलामागे दक्षिणेकडचे एक वयस्क सर होते. लाकडी फळीवर लाल, पिवळा, हिरवा असे एलईडी ओळीने बसवलेले. निळा तेव्हा महाग, तो एकच. व्होल्टेज हळूहळू वाढवत ते म्हणायचे, "बघा, आता." लाल दिवा पावणेदोन व्होल्टच्या आसपास उजळायला लागायचा, निळ्याला अडीचच्या पुढे जावं लागायचं. तरंगलांबी माहीत असली की तेवढ्यावरून प्लांकच्या स्थिरांकाचा अंदाज येतो. अगदी नेमका नाही, पण मुलाने स्वतः मोजलेला. निघताना त्यांनी वहीच्या कागदात मूठभर एलईडी बांधून माझ्या हातात ठेवले. सहकारी सरांसाठी मी तेच नेले.

त्या पुडीची खरी गोष्ट मात्र पुढे मुंबईत मानखुर्दला घडली.

ऑलिम्पियाडच्या, म्हणजे शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धांच्या आधीपासून आयएपीटी देशभर बारावीच्या मुलांसाठी भौतिकशास्त्राची एक परीक्षा घेत असे. 1998 पासून भारताचा संघ आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडला जाऊ लागला, पुढच्या वर्षी रसायनशास्त्राचा आणि 2000 साली जीवशास्त्राचा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात तेव्हा प्रा. अरविंद कुमार संचालक होते. तीन विषयांच्या प्रश्नपत्रिका आणि प्रयोग तयार करायला माणसं हवी होती, आणि ती एकट्या भौतिकशास्त्रवाल्यांकडे कशी मिळणार? मग रसायनाच्या शिक्षकांची असोसिएशन ऑफ केमिस्ट्री टीचर्स आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांची संघटना यांच्याशी गाठ पडली. केंद्रात होणाऱ्या रिसोर्स जनरेशन कॅम्पला, म्हणजे हे प्रश्न आणि प्रयोग घडवण्याच्या शिबिराला, आम्हाला बोलावणं येऊ लागलं. एका कॅम्पला निवासाच्या खोलीत माझ्याबरोबर रसायनशास्त्राच्या एक मॅडम होत्या, विदर्भातल्या, आणि जीवशास्त्राच्या एक, कोकणातल्या.

दिवसभर प्रश्नांवर वादावादी. "हे पाठ करून येईल का?" या एकाच प्रश्नावर आमचे कितीतरी प्रश्न बाद झाले आणि ते योग्यच झालं. रात्री खोलीवर मात्र बोलणं लॅबवर यायचं. रसायनाच्या मॅडमच्या कॉलेजात कलरीमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं त्यावरून त्याची तीव्रता मोजायचं उपकरण, एकच, तोही बंद. दुरुस्तीला माणूस मुंबईहून येणार, तो कधी येणार ते कोणालाच ठाऊक नाही. जीवशास्त्राच्या मॅडमनाही तोच हवा होता. लाळेतल्या अमायलेजने स्टार्च किती वेळात पचतो हे त्या आयोडीनचा निळा रंग डोळ्यांनी बघून ठरवायच्या. मी पिशवीतून एलईडीची पुडी काढली. परमँगनेटच्या जांभळ्याला हिरवा दिवा, स्टार्च-आयोडीनच्या निळ्याला लाल, कारण द्रावण ज्या रंगाचा प्रकाश शोषतं तोच दिवा घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला आतून काळा कागद लावला. एका बाजूला एलईडी, समोर एलडीआर, म्हणजे प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक, मध्ये परीक्षानळी. आमचा कलरीमीटर तयार झाला. त्या संध्याकाळचा आनंद मला माझ्या एम.एस्सी.च्या निकालालाही झाला नव्हता.

पुढच्या वर्षी रसायनाच्या मॅडम आलेख घेऊनच आल्या. बीअरच्या नियमाप्रमाणे द्रावणाच्या तीव्रतेबरोबर शोषणाची रेषा सरळ चढायला हवी, पण तीव्रता वाढेल तशी ती वाकत होती. "तुमचं भौतिकशास्त्र चुकतंय," त्या म्हणाल्या. चूक माझीच होती. एलडीआरचा रोध प्रकाशाच्या सम प्रमाणात बदलत नाही, हे मी सोयीसाठी बाजूला ठेवलं होतं. त्या कॅम्पला आलेल्या बंगालच्या एका सरांनी फोटोडायोड सुचवला, आकृतीही काढून दिली, आणि रेषा सरळ आली. पुढच्या वर्षी जीवशास्त्राच्या मॅडम त्या डब्यावर मुलांनी घेतलेली वाचनं घेऊन आल्या, वेगवेगळ्या तापमानांची.

संघटनांमध्ये समन्वय हवा असे ठराव मी अनेक व्यासपीठांवर हात वर करून मंजूर केले आहेत. त्या ठरावांतून माझ्या लॅबमध्ये काही आलं नाही. आलं ते या खोलीतून, कारण तिथे प्रत्येकीकडे अडलेलं एक काम होतं आणि ते सांगायला कुणी लाजत नव्हतं. प्रश्नपत्रिकेसारखं ठरलेल्या तारखेला पुरं करायचं एकत्र काम पुढ्यात नसतं, तर आम्ही तिघी भेटलोच नसतो. भौतिकशास्त्राच्या अधिवेशनात रसायनाच्या बाई कशाला येतील?

एका वर्षी मला रजा मिळाली नाही. कॅम्प तुमच्या विषयाचा नाही, असा शेरा अर्जावर आला. फार लागलं ते. मी गेले नाही, पण डबा गेला; विदर्भात गेला आणि कुरिअरने परत आला, सोबत तिथल्या मुलींनी लिहिलेली पाच पानं. त्यांनी तो तलावाच्या पाण्यातला फॉस्फेट मोजायला वापरला होता. आमच्यापैकी कुणालाच ते सुचलं नव्हतं.

2001 साली रसायनशास्त्राचं, 2008 साली जीवशास्त्राचं आणि 2015 साली भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईत झालं. या तिन्हींच्या मागे देशभरातल्या शिक्षकांचे किती उन्हाळे गेले ते आम्हाला माहीत आहे.

मी निवृत्त झाले, त्या दोघीही झाल्या. नोव्हेंबरमध्ये, आयएपीटीच्या त्या परीक्षेच्या आदल्या रात्री, त्यांचा फोन अजून येतो. आधी तब्येतीची चौकशी नाही, नातवंडांची नाही. "तुमच्या केंद्रावर यंदा किती मुलं बसताहेत हो?"