बंबात घातलेल्या चिठ्ठ्या

आमच्या पेठेच्या कोपऱ्यावर तालमीचा काळा फळा आहे. कुणाचं निधन, कुणाची कुस्ती, उद्या नळाला पाणी नाही, कुणाची पोरगी दहावीला पहिली आली, सगळं त्यावर. लग्न होऊन मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आले, प्राथमिक शाळेत शिकवायला लागले आणि वर्षभरात वस्ताद दारात उभे. "बाई, तुमचं अक्षर मोत्यावानी हाय. आजपासनं फळा तुम्हीच लिवा." फळ्यामागोमाग १ डिसेंबरचा, एड्स दिनाचा कार्यक्रमही माझ्याकडेच आला.

पहिलं वर्ष १९९६. एड्स दिन जगभर १९८८ पासून पाळला जातो, आपल्या देशात पहिली लागण १९८६ मध्ये मद्रासला सापडली, पण पेठेत तोवर हा शब्द कुजबुजण्यापुरताच होता. त्या एका वर्षात तालमीच्या पोरांनी दोन तरुण माणसं पंचगंगेवर पोचवली. कशानं गेली, हे दोन्ही घरांत कुणी उच्चारलं नाही. वस्ताद म्हणाले, "गणपतीत धा दिस रातभर जागतो आपण. एक सांज ह्याला देऊया."

त्या वर्षी फळ्यावर मी लिहिलं, 'एड्स म्हणजे मरण'. शेजारी पेंटरनं कवटी काढली. तेव्हा भिंतीभिंतींवर असंच असायचं. माणसं आली, डॉक्टरबाईंचं भाषण ऐकलं. "कुणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर पटांगणात एकही हात वर झाला नाही. त्या फळ्याचं मला अजून वाईट वाटतं. ज्याच्या मनात आधीच पाल चुकचुकत होती, तो कवटी बघून तपासणीला जाणार होता, की तोंड लपवून घरात बसणार होता?

दुसऱ्या वर्षी मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला फट पाडली आणि आठवडाभर आधी गिरणीत ठेवला. नाव न घालता प्रश्न लिहा, असं फळ्यावर मांडलं. सात चिठ्ठ्या आल्या. त्या स्टेजवरच उघडल्या आणि तिथंच चूक झाली. डॉक्टरबाईंच्या खांद्यावरून डोकावत एक कार्यकर्ता ओरडला, "ए, हे तर आपल्या अमक्याचं अक्षर!" सगळं पटांगण हसलं. तो पोरगा मान खाली घालून गेला, तो पुढं वर्षभर तालमीकडं फिरकला नाही. मला बघितलं की रस्ता बदलायचा. त्याला मुळाक्षरं मीच गिरवायला लावली होती.

तेव्हापासून नियम झाला. डबा माझ्याच घरी उघडायचा, सगळ्या चिठ्ठ्या मी माझ्या अक्षरात उतरवून काढायच्या, आणि मूळ कागद वस्तादांसमोर बंबात घालायचे. डॉक्टरबाईंच्या हातात जायची ती माझी वही. अर्ध्या पेठेचं अक्षर मी ओळखते हे सगळ्यांना ठाऊक होतं. काही जण डाव्या हातानं लिहायचे, एकानं वर्तमानपत्रातली अक्षरं कापून चिकटवली होती. पण हळूहळू तीही गरज उरली नाही. 'बाईंच्या बंबात गेलं म्हंजे गेलं,' असं पेठेत म्हणायला लागले. पुढच्या वर्षी डबा भरून वर गिरणीवाल्याच्या पिशवीतही चिठ्ठ्या होत्या.

काय काय यायचं त्यात! डास चावून होतो का? डॉक्टरबाई समजावून सांगायच्या, की डास रक्त ओढतो, पण अंगात सोडतो ती स्वतःची लाळ; शिवाय हा विषाणू डासाच्या अंगात वाढतच नाही. केस कापताना वस्तरा लागला तर? नवं पातं घालायला सांगा, त्यात लाजायचं काही नाही. जोतिबाच्या यात्रेत चौघांनी एकाच सुईनं नाव गोंदवून घेतलंय, आता? इथं मात्र डॉक्टरबाईंनी 'काही होत नाही' असं म्हटलं नाही. रक्त लागलेली सुई दुसऱ्याला टोचणं हा खरा धोका. तपासणी करा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा, कारण लागण झाल्याझाल्या ती तपासणीत दिसेलच असं नाही.

मला सगळ्यांत आवडलेली चिठ्ठी एका पैलवानाची होती. 'आखाड्यात समोरच्याचा घाम अंगाला लागतो. लाल मातीतनं होतो का?' घामातून नाही, लाळेतून नाही, एका ताटात जेवून नाही. रक्त, असुरक्षित शरीरसंबंध, दूषित सुई, आणि आईकडून बाळाला, वाटा एवढ्याच. जखम असली तर मात्र झाकून आखाड्यात उतरा. वस्तादांनी दुसऱ्या दिवशी आखाड्याच्या खांबाला मलमपट्टीचा डबा टांगला.

निरोधवरून मात्र वाजलं. 'दुकानदार ओळखीचा आहे, मागू कसा?' असं तीन चिठ्ठ्यांत होतं. पोरांचं म्हणणं, तालमीच्या मागच्या मोरीत एक पेटी ठोकू, सरकारी दवाखान्यातनं फुकट मिळतात, तिथं ठेवू. जुनी मंडळी उठून उभी राहिली. मारुतीच्या तालमीत असलं? सगळ्यांना वाटलं वस्ताद काठी काढणार. ते शांतपणे म्हणाले, "लंगोटाचा पक्का ऱ्हा, हे मी मरस्तोवर सांगणार. पर जो ऱ्हाईला न्हाई, त्याला काय मरू द्यायचा व्हय?" पेटी ठोकली गेली.

बायकांची बैठक दुपारी, माझ्या माजघरात. हळदीकुंकवासारखी सतरंजी, वेणीफणी करून आलेल्या बायका, आणि पहिला अर्धा तास गप्प. तिथल्या प्रश्नांनी मी रात्रभर जागी राहायची. 'मी उंबरा ओलांडत न्हाई, मला कुठनं व्हईल?' 'नवरा महिना महिना गाडीवर असतो. तपासून घे म्हटलं तर मारतो. काय करू?' डॉक्टरबाईंकडंही याला सरळ उत्तर नव्हतं. घरात राहणाऱ्या, एकाच नवऱ्याशी इमान राखणाऱ्या बाईला तिच्या इमानानं संरक्षण मिळत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज बसायचा. शेजारच्या सांगलीत वेश्याव्यवसायातल्या बायका एकमेकींना निरोध वाटून गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकत होत्या. आमच्या माजघरातल्या लग्नाच्या बायकांना तेवढंही बळ नव्हतं. डॉक्टरबाई शेवटी एवढंच म्हणायच्या, "तू तरी तपासून घे. मी येते बरोबर." आणि खरंच सीपीआरला, आमच्या सरकारी रुग्णालयात, जायच्या.

संध्याकाळी सगळ्यांना मिसळ. कट वस्तादांच्या घरचा, कांदा चिरायला आम्ही बायका.

२००४ च्या १ एप्रिलपासून सरकारी रुग्णालयांत एआरटीची, म्हणजे हा विषाणू दाबून ठेवणारी औषधं फुकट मिळायला लागली. सुरुवात मोजक्या मोठ्या रुग्णालयांत, आपल्या भागात पोचायला वेळ गेला. पण त्या डिसेंबरात मी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, 'गोळ्या आल्यात'. माणसं थांबून वाचायची. कवटीपाशी कुणी असं थांबलेलं मला आठवत नाही. तेव्हा अंगातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा बराच खाली गेल्यावरच गोळ्या चालू व्हायच्या. २०१७ पासून लागण कळली की लगेच, आकडा काहीही असो.

चिठ्ठ्याही बदलत गेल्या. 'कंपनीत घेताना एचआयव्हीची तपासणी मागतात, द्यायची का?' हे शिरोलीला कामाला लागलेल्या कुणाचं तरी. एचआयव्ही-एड्सबद्दलचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरीसाठी अशी अट घालता येत नाही, माणसाच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, हे वकिलांनी येऊन सांगितलं. 'गोळ्या रोज घेणाऱ्या मुलाशी लग्न करावं का?' रोज, न चुकता गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून तो जोडीदाराला जात नाही. हे ऐकून पटांगणात मागं कुणीतरी टाळी वाजवली, एकट्यानंच. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात आता १०९७ हा मदतीचा नंबर ऑइलपेंटनं रंगवलाय. तो मी पुसत नाही.

एक चिठ्ठी सांगायची राहिली. ती कोणाची हे कळू नये म्हणून दोन-तीन गोष्टी मी मुद्दाम बदलल्यात.

'गोळ्या चालू असलेल्या बाईला मूल झालं तर ते चांगलं व्हईल का?' यातला ळ मी ओळखला. शेपूट वर वळवून गाठ मारायची सवय मोडायला मी तिला दुसरीत पाटीभर ळ काढायला लावले होते. मोडली नव्हती. मी प्रश्न वहीत उतरवला आणि कागद बंबात घातला.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी उत्तर दिलं. औषधं नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होऊ शकते. आईनं गोळ्या नीट घेतल्या, बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाला जन्मल्याबरोबर औषध मिळालं, तर पाचाच्याही खाली. बाळाची शेवटची खात्रीची तपासणी अठराव्या महिन्यात. ती आमच्याच रांगेत कांदा चिरत होती. 'पाच' शब्दावर तिची विळी थांबली, मग पुन्हा चालू झाली. मी वर पाहिलं नाही.

तीन वर्षांनी, श्रावणातल्या एका सकाळी ती कडेवर पोर घेऊन दारात आली. हातात पेढ्यांचा पुडा.

"कशाचे गं?"

"असंच, बाई."

पोराचा वाढदिवस नव्हता. मी मनात महिने मोजले, दोन पेढे घेतले आणि पोराला आत पाटीपाशी घेऊन गेले.