येडशी रामलिंग: सोलापूरकरांनो, सावलीत चालायचंय तर इकडं या

श्रावण संपल्यावर मी, मावसभाऊ आणि त्याची मुलगी असे येडशीजवळच्या रामलिंग अभयारण्यात जाऊन आलो. सोलापुरातून पहाटे बाईक काढली की तुळजापूर, धाराशिव करत येडशी, साधारण ९० किमी, हायवे चांगलाय. एसटीनं जायचं तर छत्रपती संभाजीनगरकडं जाणारी गाडी पकडून येडशीला उतरा, पुढं रिक्षा विचारा.

बालाघाटच्या डोंगरातलं हे अभयारण्य १९९७ सालचं. रामलिंग महादेवाचं मंदिर खाली दरीत आहे, बाजूनं ओढा वळसा घालून जातो, आणि जटायू इथंच पडला असं लोक सांगतात. दर्शन घेऊन आम्ही झाडीतनं चालायला लागलो आणि खरं सांगतो, आपल्या सोलापुरात दुपारी कडुनिंबाखाली चार पावलं सावली मिळाली तरी बरं वाटतं, इथं डोक्यावर सलग हिरवं छत, पायाखाली ओली माती, पोरगी तर टोपी काढून बॅगेतच टाकून मोकळी झाली. लई भारी वाटलं.

पण सावली बघूनच महिना ठरवा. हे पानझडीचं जंगल आहे, हिवाळा सरला की पानं गळतात आणि एप्रिल-मे मध्ये नुसती काटकुळी झाडं आणि ऊन, धबधबाही पावसाळ्यातच. ऑगस्ट ते ऑक्टोबर बेस्ट. श्रावणी सोमवार मात्र टाळा, गर्दीत जंगल काही दिसत नाही.

आता वाघाचं. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या ट्रॅप कॅमेऱ्यात (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा) वाघ आला, थेट यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला! मला तर त्याचं फार कौतुक वाटतं, एवढी शेतं, रस्ते, गावं पार करून त्याला आपल्या शेजारचं रान राहण्यासारखं वाटलं. म्हणून आधी वनरक्षकांना विचारा, कुठपर्यंत जाऊ देतात ते, तेवढंच जा. वाट सोडून आत शिरू नका, एकटं फिरू नका, लहान पोरं मधे ठेवा, उन्हं कलायच्या आत वर या. मोबाईलवर गाणी लावून चालणारे ग्रुप भेटले, कृपा करून ते नको, पक्षी ऐकायचे सोडून काय ते.

माकडं भरपूर. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घट्ट डब्यात, डबा बॅगेत, आणि बॅग पाठीवरच. हातात पिशवी दिसली की ओढलीच समजा. त्यांना खायला घालू नका, त्यानंच ती सवय लागते. ओढ्यातले दगड शेवाळलेले असतात, ग्रिप असलेले बूट घाला, वर पाऊस चालू असेल तर पाण्यात उतरूच नका. पाणी घरूनच भरून न्या, प्लास्टिक परत आणा.

येताना तुळजापूरला थांबणार असाल तर मंगळवार, शुक्रवार सोडून जा. नवरात्र ते कोजागिरी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर चालत जाणारे भाविक असतात, गाड्या वळवतात, तेव्हा त्या दिवसांत बार्शीवरून या.