कर्तव्य नाही, मग हक्क कसा?

‘प्राण्यांना कर्तव्यं नसतात, मग हक्क कुठून आले?’ असं तुम्ही नेहमी विचारता. आक्षेप वजनदार आहे. न्यायालयानंही तो उचलून धरलेला आहे. टॉमी या चिंपांझीच्या सुटकेसाठीची हेबियस कॉर्पस याचिका (बेकायदा डांबून ठेवलेल्याला सोडवण्यासाठीचा अर्ज) २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयानं याच मुद्द्यावर फेटाळली. पण २०१८ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती यूजीन फेही यांनी लिहिलं की तान्ह्या बाळाला किंवा कोमातल्या माणसालाही कर्तव्यं पेलता येत नाहीत. तरी त्यांचे हक्क कोणी नाकारत नाही.

माझ्या मते हा आक्षेप इथेच संपतो. हक्क ही कर्तव्याची परतफेड नाही. ज्याचं भलं किंवा नुकसान होऊ शकतं, त्याला तो असतो. यातना होतात का, ही कसोटी इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये दिली. मात्र तिच्यात एक पळवाट आहे: बहुतांचा फायदा मोठा असेल, तर एकाच्या यातना हिशेबात बसवता येतात. अमेरिकी तत्त्वज्ञ टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये ती बंद केली. स्वतःचं आयुष्य जाणिवेनं जगणारा जीव दुसऱ्याचं साधन नाही, मग फायदा कितीही असो.

कायद्यात हीच पळवाट ‘अनावश्यक’ या शब्दात लपलेली असते. क्रूरताबंदीचे कायदे सहसा अनावश्यक वेदनाच रोखतात, आणि आवश्यक काय ते प्राण्याच्या वापरावरून ठरतं. खटल्यात प्राणी पक्षकार नसतो, तो मालमत्ता असतो. दंड सरकारजमा होतो. म्हणून अशा कायद्याला मी संरक्षण म्हणेन, हक्क म्हणणार नाही.

हक्कासाठी प्राण्याच्या वतीनं कोणाला तरी न्यायालयात उभं राहता यायला हवं, जसा अल्पवयीन मुलाचा पालक उभा राहतो. याचिकेत विशिष्ट प्राणी, बंदिवासानं त्याचं नेमकं काय बिघडतंय याबद्दल तज्ज्ञांची शपथपत्रं आणि सुटकेनंतरचं ठिकाण, एवढं तरी लागतं. शेवटची बाब नसेल तर न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारतील: सोडून पाठवायचं कुठे? अर्जेंटिनातल्या मेंडोसा इथे २०१६ मध्ये सेसिलिया या चिंपांझीला ‘मानवेतर व्यक्ती’ मानलं गेलं, तेव्हा ब्राझीलमधल्या अभयाश्रमात तिची सोय होती. २०१७ मध्ये ती तिथे पोहोचली.

तरीही यश हमखास नसतं. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या हॅपी या हत्तिणीची याचिका न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. बहुमतानं हा विषय विधिमंडळाकडे ढकलला. विरोधी मतात न्यायमूर्ती रोवन विल्सन यांनी दाखवून दिलं की कायदा गुलामांना मालमत्ता समजत होता, तेव्हाही त्यांच्या सुटकेसाठी हीच हेबियस कॉर्पस याचिका वापरली गेली होती.