तुम्ही विचारलंत म्हणून : तबकड्या, गुपिते आणि जागल्या

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात शनीची कडी दाखवून झाली, की रांगेतले कोणी ना कोणी हळूच विचारते, "अमेरिकेचे सरकार उडत्या तबकड्यांबद्दल खरेच काही लपवते का हो?" लपवते, असे मी सांगतो. त्यावर विचारणाऱ्याचा चेहरा खुलतो आणि पुढचे ऐकायला तो बहुधा थांबत नाही; म्हणून ते पुढचे येथे लिहितो.

ऑगस्ट १९५५ मध्ये नेवाडातील ग्रूम लेक येथे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या यू-२ या टेहळणी विमानाची गुप्त उड्डाणे सुरू झाली. त्या काळी बहुतेक प्रवासी विमाने १० ते २० हजार फुटांवरून जात, आणि ६० हजार फुटांवर माणूस उडत असेल ही कल्पनाच कोणाला नव्हती. संध्याकाळी खालच्या विमानाभोवती अंधार दाटलेला असे, पण तेवढ्या उंचीवर ऊन अजून पोहोचत असे, आणि यू-२ चे चंदेरी पंख पेटल्यासारखे झळकत. पाहणारे चकित होऊन हवाई दलाला पत्रे लिहीत. सीआयएच्या स्वतःच्याच इतिहासात म्हटले आहे, की 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या तबकड्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या हवाई दलाच्या प्रकल्पाचे अधिकारी ही पत्रे यू-२ च्या उड्डाणनोंदींशी ताडून पाहत आणि त्यांतल्या बऱ्याचशांचा उलगडाही होई, मात्र पत्र लिहिणाऱ्याला खरे कारण कळवण्याची सोय नव्हती. (बहुतेक तबकड्या अशा निकालात निघाल्या, हा सीआयएचा दावा काही अभ्यासकांना फुगवलेला वाटतो, आणि मलाही.) तरीही दिसलेले खरे, लपवणे खरे, आणि लपवलेली वस्तू मात्र याच पृथ्वीवर बांधलेली, असा प्रकार तेथे घडला यात शंका नाही.

आता डेव्हिड ग्रश. हवाई दलातील या माजी गुप्तवार्ता अधिकाऱ्याने २६ जुलै २०२३ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे शपथेवर सांगितले, की कोसळलेली अज्ञात याने गोळा करून त्यांचे तंत्र उलगडण्याचा कार्यक्रम अनेक दशके गुपचूप चालू आहे. आपल्याच संस्थेतली दडवलेली गोष्ट उघड करणाऱ्या अशा माणसाला आपण मराठीत जागल्या म्हणतो. गावचा जागल्या स्वतः रात्रभर जागून पहारा करी. ग्रश यांनी मात्र चार वर्षांत चाळीसहून अधिक जणांशी बोलून जे ऐकले ते सांगितले, आणि आपली साक्ष इतरांनी दिलेल्या माहितीवर आधारलेली आहे हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले. मला ते खोटारडे वाटत नाहीत. गुप्ततेच्या कारखान्यात प्रत्येकाला आपल्या टेबलापुरतेच ठाऊक असते, आणि शेजारच्या बंद दारामागे काय असेल याच्या वावड्या तेथल्या भल्याभल्यांनाही खऱ्या वाटू शकतात.

मार्च २०२४ मध्ये पेंटॅगॉनच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या, अशा अज्ञात वस्तूंचा तपास करणाऱ्या 'आरो' या कार्यालयाने जवळपास हेच म्हटले : साक्षीदारांनी खरेखुरे गुप्त प्रकल्प चुकीने परग्रहवासीयांशी जोडले, त्यांच्या दाव्यांना पुरावा नाही. पण ज्याच्यावर आरोप त्याच्याच घरचा हा पंच, हा आक्षेप मला डावलता येत नाही. चक शुमर आणि माइक राउंड्स या सिनेटरांनी २०२३ मध्ये या विषयावरची सरकारी कागदपत्रे तपासण्यासाठी नऊ जणांचे स्वतंत्र परीक्षण मंडळ सुचवले होते; वर्षअखेरीस संरक्षणविषयक कायदा झाला तेव्हा ते मंडळ त्यातून गळाले होते. खात्यांनी आपली कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावीत, एवढी तरतूद उरली, आणि त्यासाठी आपल्या दप्तरातले कोणते कागद निवडायचे हे काम पुन्हा त्याच खात्यांकडे आले.